बायडाबाईचं तोंड

दिंद्रुडापासून कोसभरावर, ओढ्याच्या काठाला, हिंगणटाकळी नावाचं एक लहानसं गाव होतं. त्याच्या एका अंगाला धनगरांची पंधरा-वीस घरं. हैदराबादेत निजामाचं राज्य होतं, माजलगावात तहसील होती, आणि टाकळीत बायडाबाई होती. टाकळीचे लोक पहिल्या दोघांना भीत, आणि पहिल्या दोघांची माणसं तिसरीला भीत.

बायडाबाई भांडायची. आता भांडता कुणाला येत नाही? पण गळा सगळ्यांना असला तरी गाणं एखाद्यालाच येतं, तसं होतं ते. तिनं पदर कमरेला खोचला की बाया चुलीवरचा तवा उतरवून यायच्या, गडी मोट थांबवून यायचे. एकदा दिलेली शिवी ती पुन्हा देत नसे, त्यात तिला कमीपणा वाटे. दिंद्रुडच्या बाजारात एका दुकानदारानं मापात खोट केली, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "तुज्या पागोट्यात इंचवाचं लगीन लागो, आन् वऱ्हाड म्हैनाभर मुक्कामाला ऱ्हावो!" तो माणूस पुढं महिनाभर पागोटं झटकून मग डोक्यावर ठेवायचा, असं लोक सांगत.

तिचे नेमही होते. लेकराला शाप द्यायचा नाही, मेलेल्याला द्यायचा नाही, आणि पोटुशी बाई समोर असली तर तोंडच उघडायचं नाही. आजूबाजूच्या गावांतून लोक तिला बोलवायला येत. कुणाचा बांध कोरला, कुणाचं पाणी तोडलं, तर आपल्या वतीनं चार शब्द बोलायला बायडाबाई जायची आणि येताना पदरात डाळ-गूळ घेऊन यायची.

पण धनगरवाड्याला तिची खरी गरज पडायची ती दौऱ्याच्या वेळी. तहसिलातला गिरदावर जमिनी बघायला निघाला की त्याचे शिपाई पुढं येऊन मेंढरं उचलायचे, फुकट. बाकीच्या गावांत दोन-दोन मेंढे जायचे. टाकळीत एकही जायचा नाही. एकदा एका शिपायानं हात घातला होता. बायडाबाईनं त्याला अशा काही शब्दांनी पोचवला की तो दिंद्रुडापर्यंत मागं न बघता गेला.

तिचा नवरा सुग्रीव. नाव वानरांच्या राजाचं, पण माणूस गरीब गाईसारखा. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यात त्याच्या तोंडून लोकांनी दोनच शब्द ऐकले होते, "आसं व्हय." पहिली काही वर्षं तो लाजला, आणि पुढं काही म्हणायला त्याला घरात फट सापडली नाही.

ही जीभ बायडाबाई माहेरून घेऊन आली नव्हती. बारा वर्षांमागं विहिरीवर तिच्या थोरल्या जावेनं, भामाबाईनं, भरल्या बायांत तिला "वांझोटी" म्हटलं होतं. बायडा तेव्हा घागर तिथंच टाकून घरी आली, तीन दिवस तिनं तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी जे तोंड उघडलं ते मिटलं नाही. दोघींच्या घरांत एकच भिंत. बारा वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या त्या फक्त शिव्या देताना.

त्या साली कापूस वेचून झाल्यावर गावाबाहेरच्या लिंबाखाली एक म्हातारी येऊन बसू लागली. भिवराबाई तिचं नाव. साठीची, काटकुळी, चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली, बगलेत जाडजूड पुस्तक. तिचा जन्म निजामाच्या मोगलाईतलाच, कुठल्याशा गावकुसाबाहेरच्या घरात. पुढं पलीकडं इंग्रजी मुलखात मिशनच्या शाळेत ती वाचायला शिकली होती, आणि आता गावोगाव हिंडून येशूच्या गोष्टी सांगत होती. वेठीची माणसं दोन घटका तिच्यापाशी बसू लागली, आणि पाटलाच्या खळ्यावर गडी उशिरा पोचू लागले. आप्पाराव पाटलांनी बायडाबाईला बोलावणं धाडलं.

"बायडे, ती म्हातारी मान्सं बिघडविती. म्या हाकललं तर वरून इचारना व्हईल, मिशनचं मानूस हाय. तू हाकल. पायलीभर जवारी देतो."

"म्हातारं मानूस हाय पाटील, आर्ध्या पायलीतच पळंल," बायडाबाई म्हणाली. ती धंद्याला प्रामाणिक होती.

दिवस डोक्यावर आला तेव्हा ती लिंबाखाली पोचली. पाठीमागं अर्धं गाव. तिनं पदर खोचला आणि सुरुवात केली. भिवराबाईनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, हात जोडून त्यावर ठेवले, आणि ती ऐकू लागली. ऐकायची तिची तऱ्हाच वेगळी होती. लोक शिव्या खाताना खाली बघतात, नाहीतर उलट तोंड टाकतात. ही बाई समोर गाणं चालल्यासारखी ऐकत होती. मधेच तिनं हात वर केला.

"थांब गं. म्हशीचं काय म्हणालीस? माझा हा कान जरा जड आहे."

"पान्हवायच्या टायमाला तुजी म्हैस तुला बघून आटो!" बायडाबाई ओरडली.

"मला म्हैस नाही, बाई. पण जिला असेल तिला हे लई लागेल." आणि म्हातारी हसली. कुचकं नव्हे, मनापासून.

बायडाबाईनं आणखी घटकाभर तोंड चालवलं. मग काहीतरी व्हायला लागलं. शब्द येत होते, पण आदळायला समोर भिंत नव्हती. शेवटी तिचा घसा बसला आणि खोकला आला. भिवराबाईनं शेजारचा तांब्या पुढं केला. "घे. कोरड पडली असेल."

बायडाबाईनं तांब्या घेतला आणि घटाघटा प्याली. प्याल्यावर तिच्या ध्यानात आलं, तांब्या कुणाचा. मागं वळून बघितलं तर गाव बघत होतं, आणि सगळ्यांच्या पुढं भामाबाई.

"जवारी नगं," संध्याकाळी तिनं पाटलाला निरोप पाठवला. "काम झालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आजवर तिला शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस भेटलं नव्हतं, एवढंच. आता आपण ऐकून बघावं, म्हणून ती चार हात लांब बसली. भिवराबाई सांगत होती, देवळाच्या अंगणात दुकानं मांडून लोकांना लुबाडणाऱ्यांवर येशूनं दोरीचा आसूड कसा उगारला आणि त्यांचे पैशांचे चौरंग कसे उलथिले.

"चौरंग उलथिले?" बायडाबाईनं विचारलं.

"उलथिले. पैसे अंगणभर."

"आन् मोठमोठ्या शान्या मान्सांना काय म्हनला?"

"सापाची पिलं म्हणाला. वरून चुना फासलेल्या कबरी म्हणाला, आत नुसती हाडं."

बायडाबाई दोन हात पुढं सरकली. चुना फासलेली कबर! हे तिला आजवर सुचलं नव्हतं. "आन् राजाला?"

"राजाला कोल्हा म्हणाला."

"मंग त्यो मपलाच मानूस हाय!" बायडाबाई म्हणाली, आणि रोज जाऊ लागली.

घरी येऊन ती सुग्रीवाला गोष्टी सांगायची. एकदा तिनं शंभर मेंढरांतलं एक हरवलं आणि धनगर नव्व्याण्णव सोडून त्याला हुडकायला गेला, ती सांगितली. सुग्रीव बराच वेळ चिलीम ओढत बसला. मग म्हणाला, "नव्व्यान्नव कुनाच्या भरवशावर टाकली त्यानं? लांडगं नव्हतं का तिकडं?" अठरा वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. बायडाबाईनं ते लिंबाखाली जाऊन विचारलं. भिवराबाईनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "मी मेंढरं राखलेली नाहीत. तुझ्या नवऱ्याचा सवाल वाजवी आहे." बायडाबाईला ती म्हातारी त्या दिवशी फारच आवडली.

आणि मग एके दिवशी तो धडा आला. जे तुम्हाला शाप देतात त्यांचं भलं मागा. जो वैर करतो त्याच्यावर माया करा.

बायडाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "ह्ये कुनासाटी हाय? ज्याला शिव्या येत न्हाईत त्याच्यासाटी?"

"ज्याला येतात त्याच्यासाठीच. ज्याला येतच नाहीत त्यानं सोडायचं काय?"

"बरं," बायडाबाई सरसावून बसली. "सा दिस भलं मागते. बाजाराचा दिस मोकळा."

"बाजारातच तर माणसं भेटतात."

"मंग भामी सोडून बाकी समद्यांचं मागते."

"भामाबाईपासूनच सुरुवात आहे, बायडाबाई."

बायडाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला. "तुज्या देवाला मपली जीबच कावून पायजे? उपास करते म्हनावं. मेंढरू देते. डोंगर चढून येते. ही जीब हाय म्हून ह्या वाड्यातलं मेंढरू ऱ्हातंय. ही दिल्यावर आमी खायाचं काय, तुजं पुस्तक?"

भिवराबाईनं पुस्तक मिटलं. बायडाबाईनं विचारलं, "तुज्याकडून काय मागितलं त्यानं?"

"माझा भाऊ," भिवराबाई म्हणाली. "सख्खा, पाठचा. मी ह्या वाटेला लागले तसं त्यानं माझं नाव टाकलं. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याच्या गावावरून जायचं झालं की मी चष्मा काढून पिशवीत ठेवते. दारात उभा असला तर दिसू नये म्हणून."

बायडाबाई चालती झाली. आठ दिवस ती लिंबाकडं फिरकली नाही. घरात भांडी आदळली, कुत्र्याला काठी फेकून मारली, सुग्रीवाला उगाच झापलं. भिंतीपलीकडं भामाबाई कुणाला तरी सांगत होती, "पानी बाटलं तवापासनं बायडीचं डोस्कं फिरलंय." बायडाबाईच्या तोंडात एक झकास उत्तर आलं. ती भिंतीपाशी गेली, पदर खोचला, आणि तिथंच थांबली. तिला चष्मा पिशवीत ठेवणारी म्हातारी दिसली. उत्तर तोंडातल्या तोंडात फिरत राहिलं, आणि शेवटी बाहेर पडलं ते असं: "भामे! तुज्या... तुज्या घरात दूध-तूप उतू जावो!"

भिंतीपलीकडं एकदम चिडीचूप झालं.

पुढचे दिवस गावाला फार जड गेले. बायडाबाईनं ठरवलं होतं, शब्द बदलायचे. शब्द बदलले, पण आवाज तोच राहिला, डोळे तेच राहिले, आणि कमरेला खोचलेला पदरही. ओढ्यावर आप्पाराव पाटील तिला म्हणाले, "काय बायडे, ज्या म्हातारीला हाकलायचं तिच्याच पायाशी बसलीस?" तेव्हा ती गर्रकन वळली आणि गरजली, "पाटील, तुमच्या वंशाला शंभर वरसं दिवा लागो! तुमच्या बैलाची शिंगं सोन्याची व्हवोत! तुमाला रातच्याला गाड झोप लागो!"

पाटलांना तीन रात्री झोप लागली नाही. शिवीला उतारा असतो, हे त्यांना माहीत होतं. ह्याला काय करायचं? त्यांनी बैलाच्या शिंगांना काळा दोरा बांधला. टाकळीत गवगवा झाला की बायडाबाईनं कसली तरी नवी विद्या मिळवली आहे आणि ती आता उलटं बोलते.

ती धापा टाकत लिंबाखाली गेली आणि सगळं सांगितलं. भिवराबाईची हसून हसून मुरकुंडी वळली. डोळे पुसत म्हणाली, "शब्द बरोबर जमले, बाई. आता मन मागून येऊ दे. ते गाडीच्या मागं बांधलेल्या वासरासारखं असतं, ओढ घेतं."

मनाची परीक्षा पुढच्याच पंधरवड्यात आली. गिरदावराचा तंबू चिंचेखाली पडला. बायडाबाई आता शिव्या देत नाही, ही खबर शिपायांना दिंद्रुडातच लागली होती. दोघं जण सकाळी वाड्यात शिरले आणि भामाबाईच्या दारातला मेंढा सोडून घेऊन निघाले. राजा त्याचं नाव. कोकरू असल्यापासून भामाबाईनं त्याला हातानं पेंड चारली होती. ती मागं धावली, रस्त्यात पडली, गुडघा फुटला. सगळा धनगरवाडा बाहेर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांनी एकाच दाराकडं बघितलं.

बायडाबाई दारात आली. शिपायाला बघताच तिच्या पोटातून एक शिवी वर आली. ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी शिवी होती. तिला सुरुवात होती, मध्य होता, सात पिढ्या होत्या, आणि शेवटी एक गाढव होतं. तिनं तोंड उघडलं. शिपायानं कानावर हात ठेवले.

बायडाबाईनं तोंड मिटलं. ती शिवी काय होती, ते पुढं कधीच कुणाला कळलं नाही.

ती घरामागं गेली, आपला काळ्या नावाचा मेंढा खुंट्यावरून सोडला आणि त्याला घेऊन चिंचेखाली चालत गेली. शिपाई राजाला धरून तिच्या मागं मागं, जरा लांबून.

"हुजूर," ती गिरदावराला म्हणाली. आवाज असा निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना. "ह्यो मेंढा सोडा. त्या बाईनं हातावर वाढविलाय. तुमाला पायजेच तर ह्यो न्या. ह्यो मपला हाय."

गिरदावर वयस्कर माणूस होता. त्यानं आधी शिपायांकडं बघितलं. "यही है वो औरत?" शिपायांनी माना हलवल्या. मग तो म्हणाला, "वो तेरी कौन लगती है?"

काय लागती? बायडाबाईनं विचार केला. "जाऊ लागती," ती म्हणाली.

गिरदावरानं राजाला सोडून द्यायला सांगितलं. काळ्याला ठेवून घेतलं. बायडाबाईला वाटलं होतं, दोन्ही सोडील. गोष्टीत असं झालं असतं तर सोडले असते. इथं तंबूमागं मसाला वाटायला सुरुवात झाली.

घरी सुग्रीव रिकाम्या खुंट्यापाशी बसला होता. "काळ्या गेला?" त्यानं विचारलं.

"गेला."

"मला इचारायचं तरी." एवढंच तो म्हणाला.  येशू तिच्याशी बोलला होता, सुग्रीवाशी बोलला नव्हता, आणि मेंढा दोघांचा होता. त्या दिवशी तिनं भाकरी केली पण दोघंही जेवले नाहीत.

वाडा तर चिडलाच. पुढच्या दौऱ्याला आता कुणाचाही मेंढा जाणार, हे उघड होतं. पंचांनी जातीची बैठक बसवली. धुळाजी, म्हणजे भामाबाईचा नवरा आणि बायडाबाईचा थोरला दीर, पंचांत मुख्य. पंच पारावर बसले, पण एरवीपेक्षा बरेच मागं सरकून. सगळ्यांना माहीत होतं की आज तिचं तोंड फुटणार.

"तू त्या म्हातारीच्या तांब्यातलं पानी पिलीस?" धुळाजीनं विचारलं.

"पिले, भाऊजी."

"म्हंजी चुकून."

"पयल्यांदा चुकून. आता रोज पिते."

पंच थांबले. तीही थांबली. कावळा ओरडला. धुळाजीला ते सहन होईना. "आगं, मंग कायतरी बोल की! शिव्या तरी दे!"

"तुमचं भलं होवो, भाऊजी," बायडाबाई म्हणाली, आणि या वेळी पदर खोचलेला नव्हता.

पंचांनी तिला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, लग्न-मौत बंद. ती पोथी आणि म्हातारी सोडली तरच परत. सुग्रीवानं मात्र तिला घराबाहेर काढावं आणि बिरोबाला भंडारा वाहून जातीत राहावं.

सुग्रीव उठला. त्यानं धोतर झटकलं, घसा साफ केला आणि बोलायला लागला. "म्या काय त्या येशूला वळखत न्हाई. त्यानं मपला मेंढाबी नेला, म्हून जरा रागच हाय. बिरोबा मपला देव हाय आन् ऱ्हाईल. पर गेल्या म्हैन्यापासनं घरात मला बोलायला येळ गावतोय. काल म्या तिला मपल्या बापाची समदी गोष्ट सांगितली. आठरा वरसांत पयल्यांदा. तिनं ऐकली. म्या न्हाई काढत तिला." मग तो खाली बसला, पुन्हा उठला, म्हणाला, "आजून एक हाय," आणि मेंढरांच्या वाटणीचा दहा वर्षांपूर्वीचा एक मुद्दा काढून तो अर्धा तास बोलला. पंच कंटाळून उठून गेले.

वाळीत राहणं गमतीचं नव्हतं. पाणी ओढ्याच्या खालच्या अंगाला झरा खोदून आणावं लागे. दहाव्या दिवशी चूल विझली. काडेपेटी त्या काळी घराघरात नव्हती, विस्तव शेजारून आणायचा, आणि शेजार बंद. बायडाबाईला बाप्तिस्मा द्यायला मिशनचा पाळक हवा होता, त्याला आणायला भिवराबाई इंग्रजी मुलखात गेली होती. दोन दिवस नवरा-बायकोनं भिजवलेले हरभरे खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाई एकटीच चुलीपुढं बसली होती. "माज्याकडून जीब घेतलीस, मेंढा घेतलास, आता भाकरी बी?" ती येशूला मोठ्यानं म्हणाली. "आन् मी येडी, देऊन बसले!"

तेव्हा मागच्या दारानं कुणीतरी आत आलं. भामाबाई. हातात खापर, खापरात राखेखाली फुललेली गोवरी. ती चुलीशी वाकली आणि विस्तव सरकवून दिला. कुणी बघितलं असतं तर धुळाजीचंच घर वाळीत पडलं असतं.

"मेंढा कावून दिलास?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"मला रोज रातच्याला वाटतंय, तू कायतरी करनी केलीस. पर राजा तर चांगला चरतोय."

बायडाबाईनं फुंकणी घेतली. भामाबाई जाईना. "हिरीवर मी तुला बोलले व्हते..." ती म्हणाली. "तवा मपलं पोर जाऊन चार दिस झालते. बाया म्हनल्या, बायडीची नजर लागली."

फुंकणी बायडाबाईच्या हातातच राहिली. "मी रोज त्याला मांडीव घ्यायची, भामाबाय. त्याला मीच दूध चाटविलं शेवटच्या दिशी."

"व्हय," भामाबाई म्हणाली. "मला म्हाईत हाय."

दोघी रडल्या नाहीत. चुलीत धूर झाला होता, म्हणून डोळ्यांतून पाणी येत होतं, असं दोघींनी पुढं सांगितलं. बायडाबाई म्हणाली, "मला ते आजून दुकतंय. गेलं न्हाई. पर तू बस वाईच." भामाबाई बसली नाही. पण खापर तिथंच ठेवून गेली आणि ते न्यायला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

उन्हाळा लागायच्या आधी पाळक बैलगाडीनं आले. शिकलेले, किडकिडीत, नेमाचे कडक. बाप्तिस्मा मागणाऱ्याला ते नीट पारखून घेत. सिंदफणेच्या काठावर त्यांनी बायडाबाईला समोर उभं केलं. सुग्रीव बांधावर उभा होता. त्याला नदीत उतरायचं नव्हतं, पण बायकोला कोण बुडवतंय ते बघायचं होतं.

"वैऱ्यांना क्षमा केलीत?" पाळकांनी विचारलं.

"एकीला केली," बायडाबाई म्हणाली. "पाटलाचं चालू हाय."

पाळकांनी भिवराबाईकडं बघितलं. भिवराबाई आभाळाकडं बघत होती. "शिव्याशाप सोडलेत?"

"तोंडातून गेलेत. पोटात हायेत आजून. खोटं कसं सांगू?"

पाळकांनी पायातले जोडे काढून काठावर ठेवले. मग म्हणाले, "या." दोघं कमरेइतक्या पाण्यात गेले. त्यांनी प्रार्थना म्हटली, एक हात तिच्या पाठीशी धरला आणि तिला मागं बुडवलं. तळाचा गोटा शेवाळाचा होता. पाळकांचा पाय सटकला, आणि बायडाबाईला धरून तेही खाली गेले. काठावरच्यांना नुसतं पाणी दिसलं. दोन-तीन श्वासांनंतर बायडाबाई उसळून वर आली. नाकातोंडात पाणी, केस सुटलेले, आणि पहिला शब्द सगळ्या सिंदफणेवर घुमला:

"मुडद्या, मारतो का काय!"

पाळक खोकत उभे राहिले. कानात पाणी होतं. "काय म्हणाल्या त्या?" त्यांनी काठाला विचारलं.

"आमेन म्हणाल्या," भिवराबाई घाईघाईनं म्हणाली.

"न्हाई, मावशी," बायडाबाई म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "खोटं नगं बोलूस माज्यापायी. मुडद्या म्हनले मी, पाळकसायेब. जीव घाबरा झाला आन् निगालं. आता काय, वाया गेलं का समदं? पुन्हा बुडवावं लागंल?"

पाळकांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं. त्या कडक माणसाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मला पोहता येत नाही, बाई," ते हळूच म्हणाले, काठावर ऐकू जाणार नाही असं. "पाण्याखाली मीही काहीतरी म्हणालोच. एकदा बुडालात तेवढं पुरे. चला, हात धरा, तो गोटा फार वाईट आहे."

दोघं एकमेकांना धरून, पाय चाचपत बाहेर आले. भिवराबाईनं कोरडं लुगडं पुढं केलं. बायडाबाई बाभळीआड जाऊन लुगडं बदलत होती तेव्हा तिला सुग्रीवाचा आवाज आला. तो गाडीवानाला सांगत होता, नव्व्याण्णव मेंढरं एकटी सोडायची झाली तर आधी दोन चांगली कुत्री पाहिजेत, आणि ती कुठं मिळतात.